मोक्याची जागा

१

माल कसाही असो, धंदा चालतो तो जागेवर, असं अक्काला जो भेटेल तो सांगत होता. ज्यांनी जन्मात कधी साधी सुई विकली नव्हती, तेही सांगत होते. अक्काने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. पावाच्या मोठ्या कारखान्यात भट्टीपुढे तिची अर्धी हयात गेली होती. पीठ बोटाला कसं लागलं की ते झालं म्हणायचं, हे तिला झोपेतसुद्धा कळलं असतं. पण दुकान ही चीज तिला नवी होती. म्हणून जागा पसंत करण्याआधी ती बऱ्याच सकाळी त्या चौकात जाऊन नुसती उभी राहिली.

जागा नजरेत भरण्यासारखीच होती. दोन रस्ते मिळत होते त्या कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांकडे तोंड करून असलेली मोठी काच. हाकेच्या अंतरावर बसचा थांबा, मागच्या अंगाला शाळा, पलीकडे कचेऱ्यांची उंच इमारत. सकाळी माणसांचा नुसता लोंढा वाहायचा, आणि त्यातली निम्मी तरी उपाशीपोटी निघालेली असणार असा अक्काचा अंदाज होता. एवढी मोक्याची जागा रिकामी कशी राहिली, हा प्रश्न तिलाही पडला. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आधीच्यांचंही उत्तम चाललं होतं, पण हल्लीच्या माणसांना धीरच नसतो. अक्काला ते पटलं. धीर तिच्याकडे पोत्याने होता.

खरं सांगायचं तर दुकान तिने स्वतःसाठी काढलंच नव्हतं. ते होतं धाकट्यासाठी. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि त्याच्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. लहानपणी हा मुलगा बोलून बोलून समोरच्याचं डोकं उठवायचा. मग मोठेपणी त्याची नोकरी सुटली, पाठोपाठ बायकोने संसार मोडला, आणि तो खोलीचे पडदे ओढून बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली की यायचा, ताटात बघून जेवायचा, परत जायचा. औषधं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, याला माणसांत आणा. अक्काने मनाशी म्हटलं, ठीक आहे, जिथे सगळ्यात जास्त माणसं असतील तिथेच नेऊन बसवते.

मागच्या खोलीत भट्टी लावली, पुढे विक्रीचा लाकडी ओटा आणि मागे फळ्या. दाराला छोटी घंटा टांगली, म्हणजे अक्का आत कामात असली तरी गिऱ्हाईक आल्याचं कळावं. दुकान उघडायच्या दिवशी धाकट्याने स्वतःहून दाढी केली. अक्काने ते पाहिलं आणि मागच्या खोलीत जाऊन पिठाच्या हातांनीच डोळे पुसले.

२

पहिले काही दिवस तुरळक गिऱ्हाईक झालं. नवं दुकान म्हणून डोकावणारी माणसं. मग तेही थांबलं.

अक्का घाबरली नाही. जम बसायला वेळ लागतो, हे तिने गृहीतच धरलं होतं. तिने फळ्यांची मांडणी बदलली. पाव पुढे आणले, बिस्किटं मागे नेली. काचेवर मोठ्या अक्षरात पाटी रंगवून घेतली. भट्टीचं धुराडं अशा बाजूला वळवलं की ताज्या पावाचा वास थेट बसथांब्यावर जावा. वास जात होता. थांब्यावरची माणसं नाक वर करून हुंगताना तिने पाहिली होती. ती दुकानाकडे बघायची, त्यातली काही वळून चालूही लागायची. काचेवर त्यांची सावली पडायची. अक्का हात पुसून पुढे यायची, आणि दारात कोणी नसायचं.

घंटा वाजायची नाही. कधी कधी ती नुसती हलायची, वाऱ्याने हलावी तशी, आवाज न करता.

संध्याकाळी फळ्या सकाळी होत्या तशाच भरलेल्या असत. अक्का ते पाव पिशव्यांत भरून शाळेच्या शिपायाला नेऊन देई. धाकटा ओट्यामागे हनुवटीला हात लावून बसलेला असायचा. माशा मारत बसायचं म्हटलं तरी दुकानात माशी नव्हती.

३

समोर, रस्त्याच्या पलीकडे, शिंपीमास्तरांचं दुकान होतं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांच्या आडून अखंड बोलणं. जुने दुकानदार होते ते, चौकातल्या प्रत्येकाची कुंडली त्यांना पाठ. एकदा दुपारी अक्का रस्त्यात भेटली तेव्हा त्यांनी थांबवून सांगितलं की बाई, तुमच्या पावाला तोड नाही, आमच्या घरी आता दुसरा पाव चालतच नाही. बायको म्हणते खालची बाजू जरा जास्त भाजलेली असते तेच बरं लागतं.

अक्काला बरं वाटलं. चार पावलं पुढे गेल्यावर मात्र ती थबकली. मास्तर दुकानात आलेले तिला आठवेनात. आपण मागे असताना येत असतील, म्हणून तिने धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, मास्तर एकदाही आलेले नाहीत. कोणीच येत नाही, मास्तर कुठून येणार?

दुसऱ्या कुठल्या तरी बेकरीशी गल्लत करत असतील, अक्काने ठरवलं. म्हातारा माणूस. पण खालची बाजू जरा जास्त भाजायची तिची सवय होती. कारखान्यात त्यावरून तिने बोलणीही खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहून मुद्दाम लक्ष ठेवून होती. सकाळची गर्दी ओसरल्यावर मास्तर आपल्या दुकानातून बाहेर पडले. दोन्हीकडे बघून त्यांनी रस्ता ओलांडला. सरळ तिच्या दाराशी आले. काचेतून त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लावलेल्या सुया दिसल्या तिला. त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात थांब्यावर बस येऊन उभी राहिली, तिच्या काचांवरून ऊन परतून अक्काच्या डोळ्यांवर आलं, आणि तिने पापण्या मिटल्या. मिटल्या आणि उघडल्या, तेवढंच.

मास्तर पाठमोरे रस्ता ओलांडून परत चालले होते. काखेत कागदात गुंडाळलेला पाव होता.

अक्काने फळीकडे पाहिलं. एकही पाव हललेला नव्हता. धाकटा भिंतीकडे बघत बसला होता.

"आत्ता कोणी आलं होतं का रे?"

"नाही गं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जरासा हसून, "मास्तर आज खुशीत होते ना?"

४

त्या रात्री तिला झोप आली नाही हे सांगायला नको. पण अक्का डोकं ठिकाणावर असलेली बाई होती. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि नसलं तर आपण ते अजून शोधलेलं नसतं, अशी तिची धारणा. कारखान्यात भट्टी बिघडली की बाकीच्या बायका भुताखेतांच्या गोष्टी काढत, अक्का मात्र झाकण उघडून आत डोकं घालत असे. तेव्हा तिने चौकशी सुरू केली.

मास्तरांकडून कळलं की तिच्या आधी तिथे कागद-पेन-वह्यांचं दुकान होतं, त्याआधी चपलाबुटांचं, त्याआधी आणखी कसलं तरी. वहीवाल्याकडे तर शाळा सुटली की पोरांची झुंबड उडायची, मास्तर सांगत होते. त्याने एवढ्या चालत्या धंद्यातून गाशा का गुंडाळला, हे चौकात कोणालाच कळलं नाही. बूटवाल्याचंही तेच. एवढी गिऱ्हाइकं, आणि एके दिवशी सकाळी दाराला कुलूप.

वहीवाला तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला सापडला. एका मोठ्या दुकानात तो आता नोकरीला होता, गठ्ठे मोजून देण्याच्या कामावर. सभ्य, सावकाश बोलणारा माणूस. अक्काने कोपऱ्यावरच्या जागेचं नाव काढताच त्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि तिला दुकानाच्या बाहेर घेऊन आला.

धंदा कसा होता विचारल्यावर तो म्हणाला, धंदा नव्हताच. दिवसाला एक पेन्सिल विकली गेली नाही. लोक मात्र रस्त्यात भेटून अभिनंदन करायचे. बायकोला वाटायचं मी पैसे कुठे तरी उधळतोय.

"मग काय केलंत?" अक्काने विचारलं.

"निघालो." त्याने हातावरची धूळ झटकली. "लवकर निघायला हवं होतं. बाई, एक विचारू? तुम्ही समोरून पाहिलंत का अजून? मास्तरांच्या खिडकीतून?"

अक्का नाही म्हणाली.

"नका बघू," वहीवाला म्हणाला, आणि आत निघून गेला. तो चालत असताना अक्काच्या मनात आलं की या माणसाला कोणी तरी पाण्यात भिजवून, पिळून, वाळत घालायचं विसरून गेलंय. धाकटाही असाच चालतो, हेही तिच्या लक्षात आलं, पण तो विचार तिने पुढे जाऊ दिला नाही.

५

नका बघू म्हटल्यावर माणूस बघणारच. तरी अक्काने चार दिवस काढले. मग एका सकाळी कामाचा एप्रन लांब होतोय, आखूड करून हवा, असं निमित्त काढून ती मास्तरांकडे गेली. मास्तर माप घेत होते, बोलत होते, आणि ती त्यांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होती.

रस्त्यापलीकडे तिचं दुकान गिऱ्हाइकांनी भरून गेलं होतं.

प्रथम तिला झाला तो निव्वळ आनंद. सुटलो आपण, असंच मनात आलं. पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, कचेरीतली माणसं. दाराबाहेरसुद्धा दोघं-तिघं ताटकळत होती. आणि ओट्यामागे धाकटा. बाह्या वर सारलेल्या, एका हाताने पाव कागदात गुंडाळतोय, दुसऱ्याने सुटे पैसे देतोय, आणि तोंडाने बोलतोय. काही तरी सांगत होता तो, हातवारे करून, आणि समोरच्या बायका हसत होत्या. कितीतरी वर्षांनी अक्का त्याला असं बोलताना बघत होती.

एप्रन तिथेच टाकून ती धावली. एक बस आडवी गेली. ती पलीकडे पोचली, दार ढकललं, घंटा वाजली.

आत शांत होतं. फळ्या भरलेल्या. धाकटा स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून हनुवटीला हात लावून बसलेला.

"एवढ्या धापा का टाकतेस?" त्याने विचारलं.

अक्का म्हणाली, उगाच. मग ओट्याला धरून तिने श्वास जाग्यावर येऊ दिला आणि डोकं चालवायला लागली. मास्तरांच्या दुकानाची काच जुनी, लहरी पडलेली. त्या काचेत थांब्यावरच्या गर्दीचं प्रतिबिंब आणि मागे आपलं दुकान, दोन्ही एकात एक मिसळलेलं दिसलं असणार. गर्दीतला कोणी तरी पोरगा धाकट्यासारखा वाटला. असं होतं.

हे तिला जवळजवळ पटलं. बाह्यांचं तेवढं काही केल्या पटेना.

६

म्हणून ती पुन्हा गेली. या वेळी हातात फोन होता. मास्तर कुठे तरी कापड आणायला गेले होते, दुकान त्यांनी विश्वासाने उघडंच टाकलेलं. अक्का खिडकीशी उभी राहिली. पलीकडे गर्दी होती. धाकटा होता. तिने फोन लावला.

काचेपलीकडच्या धाकट्याने मानही वळवली नाही. तो एका म्हाताऱ्या गृहस्थाला पिशवीत पाव भरून देत होता.

"हं, अक्का," कानात धाकट्याचा आवाज आला.

"काय करतोयस?"

"बसलोय."

"दुकानात कोण आहे?"

"कोणी नाही गं. कोण असणार?"

फोनमध्ये त्याच्या आवाजामागे काहीच नव्हतं. रिकाम्या खोलीत असते तशी शांतता. आणि इकडे तिच्या डोळ्यांसमोर म्हातारे गृहस्थ धाकट्याच्या दंडावर थोपटून वळत होते.

"एक काम कर," अक्का म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "हात वर कर जरा. का ते विचारू नकोस."

थोडा वेळ गेला. "केला," आवाज म्हणाला.

पलीकडच्या धाकट्याचे दोन्ही हात कामात होते.

मग मागच्या खोलीचं दार उघडलं आणि भट्टीकडून कोणी तरी ट्रे घेऊन आलं. पाठमोरं. डोक्याला रुमाल बांधलेला, मागून गाठ मारलेला. ट्रे फळीवर सरकवताना त्या बाईने डावा खांदा जरा उचलला, कारखान्यात एकदा तो खांदा निखळल्यापासून अक्का उचलते तसा. धाकट्याने तिला हसत काही तरी सांगितलं. ती त्याच्याकडे तोंड वळवायला लागली.

अक्काने फोन बंद केला आणि खिडकीकडे पाठ केली. तिला ते तोंड बघायचं नव्हतं. भिंतीवरच्या अर्धवट शिवलेल्या कोटाकडे बघत ती मास्तर परत येईपर्यंत तशीच उभी राहिली.

मास्तर आले, बाहेर एक नजर टाकून म्हणाले, "इथे काय करताय, बाई? तिकडे किती गर्दी आहे, एकट्या भावावर टाकून आलात?" मग ते पुन्हा बाहेर बघू लागले, या वेळी जरा जास्त वेळ, आणि तोंडातल्या टाचण्या त्यांनी एक एक करून काढून हातात घेतल्या.

७

आता निघायचं, हे तिने तिथेच ठरवलं. पण धाकट्याला कसं सांगायचं? घरी गेल्यावर आडून आडून विषय काढला. जागा लाभत नाहीय, दुसरीकडे बघू या. धाकटा ताटात बघून जेवत होता. तो एकदम म्हणाला, "मला माहितेय तू मास्तरांकडे का जातेस."

अक्काचा घास हातात राहिला.

त्याने मग शांतपणे सांगितलं. तिच्या बऱ्याच आधी त्याने पाहिलं होतं. ती मागे भट्टीपाशी असली की तो दुपारी रस्ता ओलांडून जायचा आणि मास्तरांच्या दुकानाबाहेर उभा राहून बघायचा. सुरुवातीला भीती वाटली. मग वाटेनाशी झाली. आता तर दुकानात बसल्या बसल्याही कधी कधी ऐकू येतं, तो म्हणाला. ओट्याच्या थोडं पुढे, हवेत. कोण आलं, काय म्हणालं.

"तिथे मी बोलतो, अक्का. लोकांशी. त्यांना माझं बोलणं आवडतं."

"तिथे म्हणजे कुठे रे?"

"दुकानात," तो म्हणाला, जसं काही एकच दुकान असावं. "आपण जायला नको. अजून थोडे दिवस बसलो की मला तिकडे जमेल असं वाटतंय."

डॉक्टरीणबाईंना फोन करावा असं तिला वाटलं, पण काय सांगणार होती ती? की भावाला जे दिसतं ते मलाही दिसतं?

तिने दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंना गाठलं. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, नवलच आहे बाई, एवढं झकास चाललेलं असताना.

सामान हलवायला टेम्पो सकाळीच बोलावला होता. भट्टी गेली, फळ्या निघाल्या, ओटा निघाला. दुकान उघडं बोडकं झालं. उरला धाकटा, मधोमध उभा, जिथे ओट्यामागची त्याची जागा होती तिथेच. अक्काने हाक मारली. तो हसत होता, पण तिच्याकडे बघून नाही. त्याचे ओठ हलत होते.

तिने जाऊन त्याचं मनगट धरलं आणि दाराकडे ओढलं. सडपातळ मुलगा तो, पण ओढता येईना. नीट तिंबलेलं पीठ पातेल्याच्या बुडाला धरून बसतं ना, खेचलं की येतं आणि सोडलं की परत जातं, तसं. दुसऱ्या बाजूने कोणी तरी त्याला धरलं होतं, आणि ते धरणं रागाचं नव्हतं. मायेचं होतं. घरातलं माणूस धरतं तसं. हे अक्काला सगळ्यात जास्त लागलं. तिने दोन्ही पाय रोवले, डोळे मिटले, आणि निखळलेल्या खांद्याची पर्वा न करता सगळं अंग मागे टाकलं.

काही तरी सुटलं. फाटलं म्हणावं तर आवाज झाला नाही. दोघं फुटपाथवर येऊन पडली. धाकट्याचं मनगट तिच्या हातात होतं, आणि ते इतकं हलकं लागत होतं की अक्काने पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघून खात्री करून घेतली.

८

नवं दुकान तिने एका बोळात काढलं. बोळ पुढे बंद, वर्दळ नाही, सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण ते चाललं. भरभराट म्हणावी असं नाही, पण येणारं माणूस दारातून येत होतं, घंटा वाजत होती, पाव घेऊन माणूस निघून जात होतं, आणि फळीवर तेवढी जागा मोकळी होत होती. अक्काला याहून जास्त काही नको होतं. आता त्याला बरीच वर्षं झाली.

धाकटाही येतो. सांगितलेलं काम करतो. पाव गुंडाळतो, पैसे घेतो. गिऱ्हाईक काही बोललं तर ऐकून घेतो. त्याच्यात वाईट असं काही नाही, डॉक्टरीणबाईही तेच म्हणतात. गिऱ्हाइकं मात्र त्याचं तोंड लक्षात ठेवत नाहीत. रोज येणारी बाईसुद्धा अधूनमधून अक्काला विचारते, नवा मुलगा ठेवलात का?

मध्यंतरी बाजारात शिंपीमास्तर दिसले. फार थकले होते. अक्काने वाकून चौकशी केली तर त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत पाव होता. खालची बाजू जरा जास्त भाजलेली.

"तुम्ही माझ्या आधी इथे कशा पोचलात?" ते म्हणाले. "आत्ता तर दिलात मला हा."

अक्का तशीच बसने त्या चौकात गेली. इतक्या वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. कोपऱ्यावर आता लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. आत गेली. एक तरुण मुलगी झबली घड्या करून ठेवत होती, मोडत होती, पुन्हा घड्या करत होती. गिऱ्हाईक बघून तिचा चेहरा असा उजळला की अक्काला बघवेना. अक्काने एक टोपडं घेतलं आणि मग सरळ सांगितलं की पोरी, ही जागा सोड. मुलगी ओशाळं हसली. ती म्हणाली, समोरचे सगळे तर म्हणतात की माझं छान चाललंय.

मास्तरांचं दुकान बंद होतं, पण खिडकीच्या बाहेर फुटपाथ होता आणि तिथून दिसायचं ते दिसत होतंच. अक्काने वळून पाहिलं.

दुकान भरलेलं होतं. ती मुलगी एका गर्दीला झबली दाखवत होती, गाल लाल झालेले, हसून हसून बोलत होती. पण तिच्यामागे जिथे भिंत असायला हवी होती तिथे भिंत नव्हती. तिथे पाव रचलेल्या फळ्या होत्या, बाह्या सारलेला धाकटा होता, आणि त्याच्यापुढे त्याची वेगळी गर्दी. तो एका दिवसानेही मोठा झालेला नव्हता. त्याच्यामागे शाळेची पोरं वह्यांसाठी हात पुढे करत होती. त्याच्याही मागे कोणी तरी गुडघ्यावर बसून एका बाईच्या पायाचं माप घेत होतं. जागा मागे मागे जात होती, दिवे लहान लहान होत जात होते, आणि दिसेनासं होईपर्यंत प्रत्येक दिव्याखाली कोणी तरी विकत होतं, कोणी तरी घेत होतं.

रुमाल बांधलेली बाई भट्टीकडून आली. ट्रे ठेवला. या वेळी अक्काने मान वळवली नाही. त्या बाईने हात पुसले, वर पाहिलं, रस्त्यापलीकडे, थेट, आणि दारात घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकाला बोलवावं तसा हात केला. या ना. आत या.

अक्का चालत घरी आली. बसमध्ये बसायचं धैर्य झालं नाही, बस त्या दुकानावरून जात होती. दुकानाच्या सुट्टीचा वार होता, धाकटा घरीच होता. ती कुठे गेली होती हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. ती चपला काढत असताना तो तिच्याकडे बघत राहिला.

"बरा दिसतो का गं मी तिथे?" त्याने विचारलं.

अक्का त्याच्याजवळ बसली. खोटं सांगावं असं तिला वाटलं, पण कोणतं खोटं सांगावं ते सुचलं नाही.

"छान दिसतोस," ती म्हणाली. "बोलत होतास. लोक हसत होते."

त्याने हलकेच मान हलवली, परगावी असलेल्या माणसाची खुशाली कळल्यावर हलवतात तशी. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मग त्याने विचारलं, "आणि तू?"

"मी कामात होते," अक्का म्हणाली. "मान वर करून बघायला फुरसत नव्हती मला."